सतराच्या दोन बाजूंच्या चांदण्या

सात वाजायला पाच मिनिटं होती. डायलिसिस विभागाच्या दालनात चाळीसेक माणसं बसली होती, आणि सगळ्यांच्या माना भिंतीवरच्या पडद्याकडे वळल्या होत्या. त्या पडद्यावर रोज सकाळी सातला रुग्णांचे आकडे उमटत. नाव नाही, फक्त आकडा. आपला आकडा दिसला की माणूस हुश्श करायचा आणि चहा आणायला जायचा. महिनाभरापूर्वी कुणी तिकडे ढुंकूनही बघत नव्हतं.

पहिल्या रांगेत घंटावाले काका बसले होते. एका शाळेत तीस वर्षं घंटा वाजवून ते निवृत्त झाले होते. त्यांचा आकडा होता ३१७. तीन आठवडे हा आकडा रोज सकाळी पडद्यावरून नाहीसा होत होता. काल संध्याकाळी तो बदलून ३१०७ झाला होता. तो आज टिकतो का, हे बघायला लोक जमले होते. ज्यांची त्या दिवशी पाळी नव्हती तेही आले होते.

काकांच्या मागे एक माणूस उभा होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोळ्यांत काजळ, हातात लाकडी फळी आणि तिच्यावर चिकटवलेले पत्र्याचे आकडे. लोक त्याला अंकबाबा म्हणत. आधी तो काय करायचा हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं, की तो लॉटरीची तिकिटं विकायचा.

पडदा उजळला. आकडे वर सरकू लागले. ३१४, ३१५, ३१८... आणि सगळ्यात शेवटी, एकटाच, ३१०७.

दालनात एकच सुस्कारा उमटला. घंटावाले काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"एक म्हणजे एकटा जीव," अंकबाबा फळीवर बोट ठेवून म्हणाला. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती. ऐकणाऱ्यालाच पुढे वाकावं लागे. "आणि सात म्हणजे विळा. आकार बघा ना सातचा. विळा जिवाला खेटून उभा राहिला की काय होणार? म्हणून दोघांच्या मध्ये पूज्य ठेवायचं. पूज्याला विळा चालत नाही. ते पूजनीय असतं."

खिडकीमागे बसलेल्या धाकटीने हे सगळं ऐकलं. ती या विभागाची नोंदणी लिपिक. दालनात सगळे तिला ताई म्हणत, पण घरच्यांसाठी ती धाकटी, आणि या गोष्टीत तिच्या घरचंच माणूस पणाला लागलेलं असल्यामुळे आपणही तिला धाकटीच म्हणू. ३१७ चा ३१०७ तिनेच करून दिला होता. काका खिडकीशी येऊन रडले होते. आकडा बदलायला नियमाची आडकाठी नव्हती, म्हणून तिने बदलला. तो टिकेल असं तिला वाटलं नव्हतं. आता पडद्यावर तो बघून तिच्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्याचाच तिला राग आला.

*

झालं होतं ते असं.

महिन्याच्या पहिल्या तारखेनंतर काही रुग्णांच्या नोंदी संगणकातून जाऊ लागल्या. संध्याकाळी असलेली फाइल सकाळी नाही. धाकटी कागदी कार्डावरून ती पुन्हा भरायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा गायब. संगणक दुरुस्त करणाऱ्याला तिने तीनदा फोन केला. "व्हायरस असेल, बघतो," म्हणून तो आला नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, "कार्ड आहे ना? मग काम थांबवू नका." काम थांबलं नाही. धाकटी रोज सकाळी खिडकीवर एक कागद चिकटवू लागली: खालील क्रमांकांची नोंद सापडत नाही, कृपया कार्ड घेऊन खिडकीवर यावे. आणि खाली आकडे: १७४, ३१७, ४१७, ५१७.

दुसऱ्या आठवड्यात १७४ गेले. आकडा नव्हे, माणूस. एक्याऐंशी वर्षांचे पोस्टमन आजोबा, दोनदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले. त्यांच्या जाण्याचं नवल करावं असं काही नव्हतं. पण दालनात तासन्‌तास बसलेल्या माणसांना नवल करायला फार काही लागत नाही. कुणीतरी म्हणालं, "अरे, यांचा आकडा आधीच पुसला गेला होता." बस्स. त्या वाक्याला पाय फुटले.

चार दिवसांनी अंकबाबा उगवला. कुणाचा तरी नातेवाईक म्हणून आला आणि बाकावर बसून राहिला. म्हणाला, "मला सतरा दिसतोय. या घरात सतरा हिंडतोय." लोकांनी कागद बघितला. खरंच की, प्रत्येक आकड्यात सतरा. मग एका सोमवारी एक नवी रुग्ण आली, केस कापण्याचं दुकान चालवणारी बाई. तिला क्रमांक मिळाला ६१७. अंकबाबाने डोळे मिटून सांगितलं, "उद्याचा सूर्य हा आकडा बघणार नाही." मंगळवारी सकाळी ६१७ नव्हता. ती बाई दालनातच चक्कर येऊन पडली.

त्या दिवसापासून अंकबाबाच्या भोवती गर्दी जमू लागली, आणि मोठ्या डॉक्टरांच्या दारासमोरची रांग आखडली. यात डॉक्टरांचाही थोडा दोष होता. ते एका रुग्णाला चार मिनिटं देत आणि त्यातली दोन ओरडण्यात जात. अंकबाबा अर्धा तास हात हातात घेऊन बसायचा. पैशाला तो शिवत नसे. पिशवी पुढे करायचा.

त्याचा उपाय साधा होता. सात दिवसांचा नेम. त्या सात दिवसांत अंगाला सुई लागता कामा नये, म्हणजे डायलिसिस नाही. रोज उगवतीला त्याने फुंकर मारून दिलेलं तांब्याभर पाणी एका दमात प्यायचं. आठव्या दिवशी आकड्यात पूज्य घालून घ्यायचं.

ज्यांच्या घरात मूत्रपिंडाचा रुग्ण नाही, त्यांना या उपायातला जहरी भाग लगेच कळणार नाही, म्हणून सांगतो. या रुग्णांपैकी बहुतेकांची लघवी बंद झालेली असते. प्यायलेलं पाणी शरीराबाहेर टाकायला त्यांना वाट नसते. ते मशीनच काढतं, आठवड्यातून दोनतीनदा. म्हणून ही माणसं औषधाची गोळीसुद्धा घोटभर पाण्याने गिळतात. अशा माणसाला मशीनपासून सात दिवस दूर ठेवून रोज तांब्याभर पाणी पाजणं म्हणजे त्याला बसल्या जागी बुडवणं आहे.

घंटावाले काका वाचले, कारण त्यांची मूत्रपिंडं अजून थोडीफार चालत होती. डॉक्टर त्यांना आठवड्यातून एकदाच बोलवत. हे त्यांच्या कार्डावर लिहिलेलं होतं. पण कार्ड कोण वाचतं? लोकांनी पडद्यावरचा ३१०७ वाचला.

*

त्याच सकाळी ५१७ ने नेम धरला. हा गवंडी होता, चाळिशीचा, दणकट, हसरा. मशीनवर असतानाही शेजारच्या खाटेवरच्याला भिंती कशा ओळंब्यात येतात ते समजावून सांगणारा. शेजारची खाट धाकटीच्या दादाची होती, आकडा ४१७. दादा शिंपी होता. दोघांची दोन वर्षांची दोस्ती.

गवंडी नेमाच्या सहाव्या दिवशी गेला. पहाटे श्वास लागला, आणि रिक्षा येईपर्यंत संपलं.

धाकटीला वाटलं, आता तरी लोकांचे डोळे उघडतील. झालं उलटंच. अंकबाबा दालनात आला, बराच वेळ खाली मान घालून बसला आणि मग म्हणाला, "पाचव्या दिवशी त्याने शंका घेतली. मला इथे दिसलं." त्याने छातीवर हात ठेवला. "पूज्य शंका सहन करत नाही."

शंका घेतली की नाही, हे विचारायला गवंडी उरला नव्हता.

सोमवारी दादा मशीनवर आला नाही. धाकटीने फोन केला तर वहिनीने उचलला.

"ते झोपलेत," वहिनी म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "नेम धरलाय त्यांनी. आजपासून. तुम्हाला सांगू नका म्हणाले."

धाकटी तशीच उठून दादाच्या घरी गेली. दादा शिवणयंत्राच्या स्टुलावर बसला होता. यंत्रावर कापड नव्हतं. कोपऱ्यात झाकलेला तांब्या.

"तू लहानपणी मला सायकल शिकवताना काय म्हणायचास?" ती म्हणाली. "समोर बघ, खड्ड्याकडे बघू नकोस. आणि आता स्वतः खड्ड्यात उतरतोयस?"

"धाकटे, तूच तर रोज कागद लावतेस," दादा शांतपणे म्हणाला. "तुझ्या हाताने लिहिलेला असतो माझा आकडा. सापडत नाही म्हणून. तुला तरी कुठे माहीत आहे का जातो ते?"

तिने तांब्यावरचं झाकण उचलून परत ठेवलं. दादाला तेवढं पुरेसं वाटलं.

"मग?" तो म्हणाला. "ज्याला माहीत आहे, त्याचं ऐकतोय मी."

*

मंगळवारी ती कामावर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. खाट क्रमांक दोनवर ग्रंथपाल आजी होत्या. एका मोठ्या वाचनालयात आयुष्य घालवलेल्या, जिभेने तिखट आणि कुणाला न घाबरणाऱ्या. धाकटी त्यांचं कार्ड घेऊन गेली तशी आजींनी विचारलं, "तुझा भाऊ का आला नाही?"

धाकटीने सगळं सांगितलं. आजी छताकडे बघत ऐकत होत्या. त्यांच्या हातातून रक्त नळीत जात होतं आणि परत येत होतं.

"तो बाबा म्हणतो ते सोड," आजी म्हणाल्या. "मला एक सांग. ती फाइल जाते ती कुठे जाते?"

"कुठे म्हणजे? जाते. दिसत नाही."

"दिसत नाही आणि नाही, यात फरक आहे गं. वाचनालयात हरवलेलं पुस्तक शंभरातून नव्वद वेळा इमारतीतच असतं. चुकीच्या फळीवर. तू फळ्या बघितल्यास का?"

धाकटीने बघितल्या नव्हत्या. ती रोज दाराशीच रडून परत येत होती, असं तिला वाटलं.

"आणि दुसरं," आजी म्हणाल्या. "आकडा पुसला की माणूस मरतो म्हणतात ना? मग ज्याला मरताच येत नाही त्याला आकडा दे. बघ काय होतं."

"ज्याला मरता येत नाही?"

"दालनातलं ते मोडकं बाकडं. त्याची नोंद कर."

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता धाकटीने दोन फाइली केल्या. साक्षीला आजींचा मुलगा आणि दालनातल्या तिघी. पहिली फाइल बाकड्याची, आकडा ७१७. दुसरी पाण्याच्या पिंपाची, आकडा ७१०७. पिंपाने नेम धरला नव्हता, कुणी त्याच्यावर फुंकर मारली नव्हती.

त्यानंतर ती फळ्या शोधायला बसली. त्या संगणकात पन्नास कप्पे होते, आणि बहुतेक तिने कधी उघडलेच नव्हते. 'जुने' नावाच्या कप्प्यात ती थांबली.

तिथे सगळे होते. दादाचा ४१७ होता, एकदा नव्हे, रोजचा एक याप्रमाणे थप्पीच होती. गवंडी होता. पोस्टमन आजोबा होते. आणि त्यांच्याबरोबर असे काही आकडे होते की ते तिने कागदावर कधी लिहिलेच नव्हते: १७, ११७, २१७, आणि १७० पासून १७९ पर्यंतची अख्खी रांग. तिने कार्डांचं कपाट उघडलं. ११७ एक शिक्षिका. मूत्रपिंड बदलून मिळालं, चार वर्षांपूर्वी शेवटची येऊन गेली. १७६ दुसऱ्या गावी राहायला गेलेला सुतार. तिने कार्डावरच्या नंबरांना फोन लावायला सुरुवात केली. शिक्षिकेने स्वतः उचलला. पाठीमागे पोरांचा गोंगाट होता.

"मी? मी मजेत आहे की," ती म्हणाली. "का हो?"

यांचेही आकडे महिनाभरापूर्वीच पुसले गेले होते. फक्त ते पडद्याकडे बघत नव्हते, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

*

गुरुवारी सकाळी वहिनी दादाला घेऊन आली. मशीनसाठी नाही, फक्त पडदा बघायला, एवढ्याच बोलीवर तो निघाला होता. धाकटीने त्याला दारातच बघितलं. तोंड सुजून डोळ्यांच्या फटी झालेल्या, पाय चपलेत मावत नव्हते. चार पावलं टाकली की भिंतीला टेकायचा. रात्रभर बसून झोपतो, आडवं झालं की छातीत पाणी भरल्यासारखं होतं, असं वहिनीने सांगितलं.

दालन भरलेलं होतं. अंकबाबाही होता, फळी घेऊन.

धाकटी खिडकी सोडून बाहेर आली. असं तिने नोकरीत कधी केलं नव्हतं.

"काल संध्याकाळी मी या बाकड्याला ७१७ आकडा दिला," ती मोठ्याने म्हणाली, "आणि त्या पिंपाला ७१०७."

पडदा उजळला. आकडे सरकले. ४१७ नव्हता. ६१७ नव्हता. ७१७ नव्हता. शेवटी ३१०७ आणि त्याच्याखाली ७१०७.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "म्हणजे हे बाकडं आता जाणार का?" आणि काही माणसं हसली. महिनाभरात त्या दालनात कुणी हसलं नव्हतं.

"लाकडातही जीव असतो," अंकबाबा म्हणाला.

"मग त्याला पाजा सात दिवस पाणी," ग्रंथपाल आजी चाकांच्या खुर्चीतून म्हणाल्या. "आणि पिंपाचं काय? ते तर नेम न धरताच टिकलं. की त्याला आतूनच पाणी पोचलं?"

पुन्हा हसू आलं, पण अर्ध्या लोकांनाच. बाकीचे अंकबाबाच्या तोंडाकडे बघत होते. तो मंद हसला. "माझी नजर काल त्या पिंपावर पडली होती," तो म्हणाला. काही माना डोलल्या. माणसाला मान डोलवायची सवय लागली की ती सहजी सुटत नाही.

धाकटीने त्याच्याशी वाद घातला नाही. तिला वेळ नव्हता. ती दादाच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली.

"दादा, तू विचारलंस ना, का जातो ते. मला अजून पूर्ण कळलेलं नाही. खोटं कशाला बोलू? पण एवढं कळलं की हा सतरा मरणाऱ्याचा माग काढत नाही. बाकड्याचा आकडा पण नेतो आणि चार वर्षांपूर्वी बरी होऊन गेलेल्या, आजही ठणठणीत असलेल्या बाईचाही नेतो."

"गवंडी गेला," दादा म्हणाला. त्याला वाक्य एका श्वासात पुरं करता येत नव्हतं. "माझ्या शेजारचा... गेला ना?"

"गवंड्याचा आकडा तीन आठवडे रोज पुसला जात होता. तेवढे दिवस तो इथे आला, मशीनवर झोपला, तुला ओळंबा समजावून सांगितला, घरी गेला. काही झालं का त्याला? आकडा पुसून तो मेला नाही. पाणी सुरू केलं आणि सहाव्या दिवशी मेला. तुझा आज कितवा?"

दादाने बोटं मोजली नाहीत. "चौथा," वहिनी म्हणाली आणि तिने पदर तोंडाला लावला.

दादाने बाकड्याकडे बघितलं. मग त्याने सदऱ्याची बाही वर सारली, जिथे सुई लागते तो हात मोकळा केला, आणि म्हणाला, "चल. पण तू बाहेर जाऊ नकोस."

मोठ्या डॉक्टरांनी त्याला बघितलं आणि त्या दिवशी ते ओरडले नाहीत. दोन परिचारिका धावल्या. हृदयाचे ठोके अडखळत होते. आणखी एक दिवस गेला असता तर काय, हे डॉक्टरांनी धाकटीला नंतर सांगितलं, दादाला कधीच नाही. पाच तास मशीन चाललं. त्या पाच तासांत धाकटी खुर्चीवर बसून होती आणि आपल्या हातांनी लिहिलेल्या त्या कागदांचा विचार करत होती. तिने लिहिले नसते तर बाबाला सतरा दिसलाच नसता. त्याची दिव्यदृष्टी म्हणजे खिडकीवर चिकटवलेला कागद वाचण्याइतपत दृष्टी होती.

*

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी स्वतः फोन केल्यावर संगणक दुरुस्त करणारा अर्ध्या तासात आला. धाकटीने त्याला 'जुने' कप्पा दाखवला. त्याने मान खाजवली आणि 'सफाई' नावाची एक फाइल उघडली. आत एकच ओळ होती. रोज पहाटे पाचला संगणक ती वाचायचा आणि जे सांगितलंय ते करायचा.

मागे चाकांच्या खुर्चीत बसलेल्या ग्रंथपाल आजींनी चष्मा लावला. "हे चांदणीचं चिन्ह आमच्याकडे यादी शोधायला वापरायचे," त्या म्हणाल्या. "चांदणी म्हणजे इथे काहीही चालेल. एक अक्षर, दहा अक्षरं, किंवा काहीच नाही."

"बरोबर," दुरुस्तीवाला म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "सतरा सालच्या फाइली जुन्या झाल्या, त्या हलवायच्या होत्या. फाइलीचं नाव म्हणजे आधी रुग्णाचा आकडा, मग आडवी रेघ, मग साल. म्हणजे ८२ क्रमांकाच्या रुग्णाची सतरा सालची फाइल असेल तर ८२-१७. मी लिहायला हवं होतं, नावाच्या शेवटी रेघ आणि सतरा असेल ते हलव. म्हणजे असं: *-१७. मी घाईत लिहिलं असं."

पडद्यावर होतं: *१७*

सतराच्या दोन्ही बाजूंना चांदण्या. आधी काहीही असो, नंतर काहीही असो, मध्ये कुठेही एकाला चिकटून सात दिसला की उचल. ४१७ उचल, १७४ उचल, बाकडंही उचल. आणि मध्ये पूज्य आलं की एक आणि सात शेजारी राहत नाहीत. ३१०७ त्या ओळीत बसत नाही, म्हणून राहू दे. संगणकाला विळा माहीत नव्हता, जीव माहीत नव्हता, मरण माहीत नव्हतं. त्याला एक ओळ दिली होती आणि तो ती इमानेइतबारे पाळत होता. इतकं करायला तीन गोष्टी पुरल्या: एक चांदणी जास्तीची, एक रेघ कमी, आणि एक माणूस ज्याने तीन फोन येऊनही ती ओळ पुन्हा वाचली नाही.

"तुमचा बाबा गणितात पूज्य आहे," आजी धाकटीला म्हणाल्या. "पण लोक कशाला भितात हे त्याला पाढ्यासारखं पाठ आहे."

ओळ दुरुस्त झाली, फाइली परत जागेवर ठेवल्या गेल्या. शुक्रवारी सकाळी सतरावाले सगळे आकडे पडद्यावर होते. अगदी बाकड्याचासुद्धा.

आता ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण शुक्रवारी अंकबाबा दालनात आला, त्याने पडद्याकडे बघितलं आणि हात जोडून म्हणाला, "रात्रभर बसलो होतो. शेवटी सतराला माघारी बोलावलंच मी." आणि सात-आठ माणसं उठून त्याच्याकडे गेली. धाकटीने चांदणी समजावून सांगितली, ओळ कागदावर मोठी करून दाखवली. ऐकणाऱ्यांपैकी काहींना पटलं. काहींनी ऐकून घेतलं आणि बाबाची पिशवीही भरली. दोन्हीकडे बरं असावं म्हणून. केस कापणारी बाई ताडकन उठून निघून गेली, आणि घंटावाले काका कुणाच्याच बाजूला बसले नाहीत.

त्या गडबडीत खिडकीशी गवंड्याची बायको उभी होती. ती कागदपत्रांसाठी आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "म्हणजे त्यांचा आकडा गेला होता तो नुसती चूक होती?"

"हो."

"आणि मशीनवर आले असते तर?"

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. सांत्वनाची दहा वाक्यं जिभेवर होती. पण याच दालनात महिनाभर सगळ्यांनी सगळ्यांना बरं वाटेल तेच सांगितलं होतं.

"आले असते तर बहुतेक आज इथे असते," ती म्हणाली.

त्या बाईने खिडकीचा कठडा धरला. "पाचव्या दिवशी ते नको म्हणत होते," ती म्हणाली. "छातीत कोंडतंय म्हणाले. मी म्हटलं, आता दोनच दिवस राहिलेत. शंका घेऊ नका म्हटलं. तांब्या मी तोंडाला लावला."

मग ती वळली आणि सगळं दालन ओलांडून अंकबाबासमोर जाऊन उभी राहिली. लोकांनी तिला वाट दिली. ती ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "पाण्याने सुजलेल्या माणसाला पाणी का द्यायचं, ते सांगा. कसं काम करतं ते. मला समजेल असं सांगा."

अंकबाबाने फळी उचलली. विळ्याचं सांगितलं, पूज्याचं सांगितलं. ती तशीच उभी राहिली. "हे आकड्याचं झालं," ती म्हणाली. "पाण्याचं सांगा." तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याच्याभोवतीची माणसं एकेक करून मागे सरकली होती, आणि तो फळी काखेत मारून दाराकडे निघाला होता. दारात मोठे डॉक्टर उभे होते. त्यांनी सकाळीच पोलिसांना बोलावलं होतं, पण तक्रार द्यायला कुणी तयार नव्हतं.

"मी देते," गवंड्याची बायको म्हणाली. "माझंही नाव लिहा त्यात. मी पाजलं म्हणून लिहा."

वाचकहो, त्या बाईने जे शेवटी विचारलं ते सुरुवातीला विचारायला कुणालाही शिक्षण लागत नाही, संगणक लागत नाही. कसं होतं हे? आणि जोडीला हेही विचारा: ज्यांच्या बाबतीत नाही झालं, ते कुठे आहेत? उत्तर 'माहीत नाही' असं आलं तर घाबरू नका; माहीत नसताना माणूस शोधू शकतो. घाबरा ते उत्तर लगेच येतं तेव्हा, हळू आवाजात, हात हातात घेऊन. आणि आपल्या माणसाचे औषधपाणी थांबवायला कुणी सांगितलं, मग तो कितीही खरा भासो, तर आधी बाकड्याला आकडा देऊन बघा. मरणाची वाट माणसाला सापडते ती बहुतेक वेळा अशी, चुकीच्या ओळीतून नव्हे, ती ओळ कुणीच उघडून वाचली नाही म्हणून.